मागे बोट दाखवणारे दोन बाइट

मी ज्या नेटवर्क लायब्ररीवर काम करतो तिच्यात एकच थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला कामाचा एक धागा, शेकडो कनेक्शन सांभाळतो. इव्हेंट लूप फिरत राहतो, ज्या सॉकेटवर काही आलं असेल ते वाचतो आणि पुढे सरकतो. या व्यवस्थेचा नियम एकच: कुणीही थांबायचं नाही. आणि नेमकं कनेक्शन उघडण्याच्या पहिल्याच पायरीवर, नावावरून पत्ता शोधताना, आम्ही ऑपरेटिंग सिस्टिमच्या 'गेटअ‍ॅडरइन्फो' फंक्शनला हाक मारायचो. ते उत्तर येईपर्यंत थ्रेड अडवून धरायचं. तोडगा म्हणून या कामाला वेगळे थ्रेड दिले होते, पण डीएनएस सर्व्हर, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर, गप्प बसला की तेही एकामागून एक अडकायचे. शिवाय ते फंक्शन पत्ते देतं, पण ते किती वेळ ग्राह्य धरायचे हे सांगत नाही. एसआरव्ही (सेवा कुठे आहे) किंवा एमएक्स (ईमेल कुठे पाठवायचा) असे रेकॉर्ड, म्हणजे डीएनएसमधल्या नोंदी, तर त्याच्याकडून मिळतच नाहीत. शेवटी ठरलं की डीएनएसचे संदेश आपणच बांधायचे आणि आपणच सोडवायचे. कॅश, पुन्हा विचारणं, कोणत्या सर्व्हरला विचारायचं, हे सगळं दुसऱ्यांकडे गेलं. माझ्या वाट्याला आला तो फक्त कोडेक: ऑब्जेक्टचे बाइट करायचे आणि बाइटचे ऑब्जेक्ट.

वाचायला घेतला आरएफसी १०३५, म्हणजे इंटरनेटच्या नियमांच्या क्रमांकित दस्तऐवजांपैकी डीएनएसचा. नोव्हेंबर १९८७ चा, पॉल मोकापेट्रिस यांनी लिहिलेला. पहिली मांडणी त्यांनीच १९८३ मध्ये ८८२ आणि ८८३ या क्रमांकांच्या दस्तऐवजांत केली होती. इतक्या जुन्या कागदातल्या आकृत्या समोर ठेवून आजही चालणारा कोड लिहिता येतो, याचं मला कौतुक आहे. मात्र तेवढाच वाचून लिहिलेला कोड आजच्या इंटरनेटवर टिकत नाही. नंतरच्या दुरुस्त्या इतक्या ठिकाणी विखुरल्या आहेत की एका ओळीमागे कधी कधी तीन दस्तऐवज उघडावे लागतात.

हेडर सोपं आहे. १२ बाइट: दोन ओळख क्रमांकाचे, दोन फ्लॅगचे, मग दोन-दोन बाइटचे चार आकडे. प्रश्न किती, उत्तरं किती, अधिकृत सर्व्हरविषयीचे रेकॉर्ड किती, जादा माहितीचे किती. फ्लॅगमधले तीन बिट मूळ दस्तऐवजात 'राखीव, शून्यच ठेवा' म्हणून सोडलेले होते, त्यांतले दोन पुढे डीएनएससेकने, म्हणजे सहीवरून उत्तरांचा खरेपणा तपासण्याच्या सोयीने, घेतले. म्हणून लिहिताना मी उरलेला बिट शून्य ठेवतो, पण वाचताना तो शून्य नाही एवढ्यावरून संदेश फेकून देत नाही.

त्या चार आकड्यांवर मात्र भाबडेपणाने विश्वास ठेवू नये. कुणीही १२ बाइटचं पॅकेट पाठवून चारही जागी ६५५३५ लिहू शकतो. डीकोडरने ते खरं मानून आधीच तेवढ्या लांबीच्या याद्या तयार केल्या, तर पाठवणाऱ्याला जवळजवळ फुकटात आपली मेमरी खाता येते. प्रश्न कितीही लहान असला तरी ५ बाइट घेतो आणि रेकॉर्ड ११. बफरमध्ये उरलेल्या बाइटांना या आकड्यांनी भागायचं आणि येईल त्यापेक्षा जास्त जागा राखायची नाही, एवढा हिशेब पुरतो. प्रश्नांच्या आकड्याला १६ बिट दिले असले तरी साध्या क्वेरीत तो व्यवहारात १ च असतो. हे स्पष्ट शब्दांत कागदावर यायला मात्र २०२४ चा आरएफसी ९६१९ उजाडावा लागला.

नाव लिहिणं हे पहिलं खरं काम. 'एक्झाम्पल डॉट कॉम' तारेवर जातं तेव्हा त्यातलं टिंब जात नाही. आधी ७ हा आकडा, मग सात अक्षरं, मग ३, मग तीन अक्षरं, शेवटी ०. एकूण १३ बाइट. त्यात हेडरचे १२ आणि प्रकार (कोणता रेकॉर्ड हवा) व वर्ग (कोणत्या जाळ्यातला, बहुधा इंटरनेटच) यांचे ४ मिळवले की २९ बाइटची पूर्ण क्वेरी तयार. एका लेबलला कमाल ६३ बाइट, आणि अख्ख्या नावाला, लांबीचे आकडे व शेवटचं शून्य धरून, २५५. मधेच दोन टिंबं लागून आली तर एन्कोडरने ते नाव नाकारायचं, कारण रिकामं लेबल म्हणजे शून्य आणि शून्य म्हणजे नाव संपलं. ही तपासणी नसेल तर नाव अर्ध्यात तुटतं आणि उरलेली अक्षरं प्रकार-वर्ग म्हणून वाचली जातात.

इथेच पहिला वाद झाला. लायब्ररीत नाव सगळीकडे स्ट्रिंग म्हणून फिरत होतं आणि तसंच ठेवावं असं रिव्ह्यू करणाऱ्याचं मत होतं. माझा आक्षेप असा की लेबलमध्ये कोणताही बाइट असू शकतो, अगदी टिंबसुद्धा. हे केवळ पुस्तकी नाही. एसओए रेकॉर्डमध्ये झोन (एकत्र सांभाळला जाणारा नावांचा गट) सांभाळणाऱ्याचा ईमेल पत्ता नावाच्या रूपात असतो. '@' च्या आधीचा भाग हे पहिलं लेबल आणि पुढचं डोमेन. कुणाच्या ईमेलमध्ये '@' च्या आधीच टिंब असेल तर ते लेबलच्या आत येतं. मजकुरात ते बॅकस्लॅश लावून दाखवतात. नुसत्या स्ट्रिंगमध्ये टाकलं तर परत एन्कोड करताना एका लेबलची दोन होतात, आणि नाव बदललेलं कुणाच्या लक्षातही येत नाही. शेवटी नावासाठी वेगळा टाइप झाला. आत बाइट ठेवायचे, स्ट्रिंग मागितली तरच बॅकस्लॅशसह तयार करून द्यायची. दोन नावांची तुलना करताना फक्त इंग्रजी अक्षरांचा लहान-मोठा भेद सोडायचा. देवनागरी किंवा इतर लिपीतलं नाव इथपर्यंत येण्याआधीच प्युनीकोडमध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांच्या रूपात, बदललेलं असतं, त्यामुळे कोडेकला त्याची वेगळी दखल घ्यावी लागत नाही.

आता मूळ मुद्दा. १९८७ साली यूडीपीवरच्या (एका सुट्या पॅकेटने जाणाऱ्या) डीएनएस संदेशाला ५१२ बाइटची मर्यादा होती. उत्तरातल्या प्रत्येक रेकॉर्डच्या सुरुवातीला नाव येतं, बहुधा प्रश्नातलंच. ते दरवेळी पूर्ण लिहिणं परवडण्यासारखं नव्हतं. म्हणून लांबीच्या बाइटचे वरचे दोन बिट राखून ठेवले. ते दोन्ही १ असतील तर पुढचे १४ बिट ही लांबी नसते, तर संदेशाच्या सुरुवातीपासूनचं अंतर असतं: 'उरलेलं नाव तिथे आहे, तिथून वाच.' दस्तऐवजात 'वर नमूद केल्याप्रमाणे' लिहितात, तशातला प्रकार. या दोन बाइटांना पॉइंटर म्हणतात आणि या युक्तीला कॉम्प्रेशन. १९२ आणि १२ हे दोन बाइट लागोपाठ दिसले की ओळखायचं, हे हेडरच्या लगेच पुढच्या, म्हणजे प्रश्नातल्या नावाकडे बोट आहे. हेक्स डंप वाचायची सवय झाल्यावर ही जोडी डोळ्यांना आपोआप सापडते.

बचत किती होते ते वहीवर मांडून पाहिलं. २९ बाइटच्या प्रश्नानंतर ४८३ बाइट उरतात. पॉइंटर वापरला तर आयपीव्ही४ पत्त्याचा एक रेकॉर्ड १६ बाइटचा होतो आणि ३० रेकॉर्ड मावतात. पूर्ण नाव लिहिलं तर रेकॉर्ड २७ बाइटचा आणि मावतात फक्त १७. त्या काळच्या अडचणीत ही युक्ती चोख होती. पण तिची किंमत अशी की त्या क्षणापासून डीएनएस संदेशाचा कोणताही तुकडा एकट्याने वाचता येत नाही. लायब्ररीतला बाकी प्रत्येक प्रोटोकॉल 'बफरचा हा तुकडा घे आणि सोडव' या तऱ्हेने चालतो. डीएनएसमध्ये नाव सोडवायला अख्खा संदेश हाताशी लागतो. यानंतरच्या माझ्या बहुतेक अडचणी याच एका गोष्टीतून निघाल्या.

एन्कोडरला हे तुलनेने सोपं जातं. लिहिलेल्या प्रत्येक नावाची शेपटं कुठे सुरू झाली याची नोंद ठेवायची आणि पुढचं नाव लिहिताना सर्वांत लांब जुळणारं शेपूट शोधायचं. दोन गोष्टी तेवढ्या सांभाळाव्या लागतात. १४ बिटांत १६३८३ पर्यंतच अंतर मावतं, टीसीपीवरचा (सलग जोडणीवरून येणारा) संदेश मात्र ६५५३५ बाइटचा असू शकतो. म्हणून त्या हद्दीपलीकडची जागा नोंदवायचीच नाही. दुसरी गोष्ट, शेपूट जुळवताना अक्षरांचा लहान-मोठा भेद पाळायचा. तुलनेच्या नियमाने दोन्ही रूपं सारखीच, मग बाइटशः कशाला जुळवायची, असं रिव्ह्यूत विचारलं गेलं. कारण असं की काही रिझॉल्व्हर (नावांचे पत्ते शोधून देणारे प्रोग्राम) बनावट उत्तरं ओळखण्यासाठी प्रश्नातल्या अक्षरांचं रूप मुद्दाम वेडंवाकडं करून पाठवतात. सैल जुळणी केली तर ते वेडंवाकडं रूप दुसऱ्याच रेकॉर्डच्या नावात शिरतं. क्वेरी पाठवणाऱ्या क्लायंटला तर कॉम्प्रेशनची गरजच नसते, नाव एकच असतं. पण लायब्ररीत सर्व्हरची बाजूही आहे.

डीकोडरला मात्र समोरच्याने दाखवलेल्या बोटामागे जायचं असतं, आणि समोरचा कोण हे माहीत नसतं. पॉइंटर स्वतःकडेच बोट दाखवू शकतो. दोन पॉइंटर एकमेकांकडे दाखवू शकतात. बेसावध डीकोडर तिथे कायमचा फिरत बसेल, आणि आमच्याकडे एक थ्रेड म्हणजे शेकडो कनेक्शन. मूळ दस्तऐवजात पॉइंटर आधी येऊन गेलेल्या नावाकडेच असतो असं म्हटलं आहे. त्याचा मी कडक अर्थ लावला: प्रत्येक उडी आत्ता वाचत असलेल्या तुकड्याच्या सुरुवातीच्या मागेच पडली पाहिजे आणि हेडरच्या १२ बाइटांत पडता कामा नये. जागा दरवेळी कमीच होत गेली की चक्र बनू शकत नाही.

एवढ्याने भागलं असं वाटत होतं, पण कागदावर रेघोट्या ओढताना आणखी एक वाट दिसली. पॉइंटर पुन्हा पॉइंटरकडेच दाखवत असेल आणि मधे एकही लेबल नसेल, तर नाव लांबत नाही, त्यामुळे २५५ ची मर्यादा कधी लागूच होत नाही. दोन-दोन बाइटचे पॉइंटर सलग मांडून १६ हजार बाइटांत आठ हजारांची साखळी करता येते. पुढचा प्रत्येक रेकॉर्ड त्या साखळीच्या टोकाला धरला, की एकाच संदेशात हजारो रेकॉर्ड गुणिले हजारो उड्या. चक्र नाही, तरी थ्रेड अडकलाच. २५५ बाइटच्या नावात जास्तीत जास्त १२७ लेबलं बसतात, म्हणून उड्यांनाही १२७ ची मर्यादा घातली. खऱ्या संदेशात एका नावाला दोन-तीन उड्यांच्या वर मी काही पाहिलेलं नाही.

वरच्या दोन बिटांच्या उरलेल्या दोन जोड्यांपैकी १० ही राखीव आहे आणि ०१ हा एक फसलेला, पुढे अधिकृतपणे मोडीत काढलेला प्रयोग. दोन्ही दिसताच त्रुटी द्यायची. इथे उदारपणा दाखवण्यात काही अर्थ नाही.

हे सगळं अतिसावध वाटत असेल तर अलीकडचा इतिहास पाहावा. २०२१ मध्ये 'नेम:रेक' या नावाने चार टीसीपी/आयपी स्टॅकमधल्या नऊ त्रुटी जाहीर झाल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच या कॉम्प्रेशनच्या वाचनातल्याच होत्या. त्याच्या आदल्या वर्षी एका मोठ्या डीएनएस सर्व्हरमध्ये सापडलेली 'सिगरेड' ही त्रुटी अशीच: दोन बाइटचा पॉइंटर उलगडल्यावर नाव फुगतं, लांबीची बेरीज १६ बिटांत मावत नाही आणि बफर लहान पडतो. २०२२ मध्ये तर असे नेहमीचे घोटाळे एकत्र मांडणारा आरएफसी ९२६७ निघाला. मी तो तपासणी-यादीसारखा शेजारी ठेवला होता. डीएनएसचा पार्सर लिहिणाऱ्याने १०३५ च्याही आधी तो वाचावा, असं माझं मत आहे.

सर्वांत जास्त वेळ गेला तो रेकॉर्डच्या आतल्या डेटाचं काय करायचं हे ठरवण्यात. आधीच्या आराखड्यात प्रत्येक रेकॉर्डसोबत त्याच्या डेटाचा बफर-तुकडा तसाच द्यायचं ठरलं होतं, ज्याला हवं त्याने पुढे उलगडावं. आयपीव्ही४ पत्त्याचे चार बाइट, आयपीव्ही६ चे सोळा, तिथे काहीच अडचण नाही. पण सीनेम (टोपणनाव), एनएस (अधिकृत सर्व्हर), एमएक्स, एसओए यांच्या डेटात नावं असतात आणि त्यांतही पॉइंटर असतात. एमएक्सचा डेटा तोडून हातात दिला तर दोन बाइटचा अग्रक्रम, मग थोडी अक्षरं आणि शेवटी १९२, १२. ते १२ कशातले? संदेश केव्हाच मोकळा झालेला. वापरणाऱ्याच्या हाती अर्धवट नाव उरतं.

एक पर्याय होता की प्रत्येक रेकॉर्डने अख्ख्या संदेशाचा बफर धरून ठेवायचा. आमच्याकडे बफर संदर्भमोजणीवर (किती जण तो वापरताहेत या मोजणीवर) चालतात, वापर संपला की परत पूलमध्ये जातात. कॅशमध्ये तासभर राहणाऱ्या एका रेकॉर्डने पूर्ण पॅकेट अडकवून ठेवणं मला पटलं नाही. दुसरा पर्याय, डीकोड करतानाच नावं उलगडून डेटाची स्वयंपूर्ण प्रत बनवायची. पण मग ज्या प्रकाराची रचनाच आपल्याला माहीत नाही त्याचं काय? त्याच्या डेटात नाव कुठे आहे हे कसं कळणार?

याचं उत्तर २००३ च्या आरएफसी ३५९७ मध्ये आहे, आणि ते वाचून मला खरोखर हायसं वाटलं. डेटातल्या नावांचं कॉम्प्रेशन करण्याची मुभा फक्त १०३५ मधल्या मूळ प्रकारांना. नंतर आलेल्या प्रकारांत ते करायचंच नाही. म्हणजे अनोळखी प्रकाराचा डेटा जसाच्या तसा उचलला तरी तो पुरा असतो. मधल्या काळातले काही प्रकार मात्र दोन्ही घरचे पाहुणे आहेत. त्यांतला एसआरव्ही आम्हाला रोज लागतो. त्याच्या २००० च्या व्याख्येत कॉम्प्रेशनला मनाई आहे, तरी जुन्या सर्व्हरकडून ते येऊ शकतं, म्हणून वाचताना उलगडावं अशी शिफारस आहे. तेव्हा नियम असा बसला: मूळ प्रकार आणि ही मधली मंडळी उलगडून द्यायची, बाकी सगळे कच्चे बाइट, आणि आपण लिहिताना मूळ प्रकारांखेरीज डेटात कुठेही पॉइंटर नाही.

त्यातही एक खाच आहे. रेकॉर्डमध्ये डेटाची लांबी दिलेली असते. आतलं नाव पॉइंटरने त्या हद्दीबाहेर मागे जाऊ शकतं, ते चालतं. पण उडी मारण्याआधीचा भाग त्या लांबीतच संपला पाहिजे, आणि सगळं वाचून झाल्यावर एकही बाइट उरता कामा नये. ही शेवटची तुलना घातली नाही तर एक रेकॉर्ड चुकीच्या जागी संपतो आणि त्यापुढचे सगळे सरकतात.

ईडीएनएसने माझ्या नीटनेटक्या क्लासची गंमत केली. ५१२ बाइटची मर्यादा ओलांडण्यासाठी १९९९ मध्ये आलेल्या या सोयीत एक खोटा रेकॉर्ड जोडतात, प्रकार क्रमांक ४१. त्यात वर्गाच्या जागी 'मी यूडीपीवर इतके बाइट घेऊ शकतो' हा आकडा असतो, आणि आयुर्मर्यादेच्या (रेकॉर्ड किती वेळ ग्राह्य धरायचा त्या) चार बाइटांत त्रुटी-क्रमांकाचा वाढीव भाग, आवृत्ती व फ्लॅग. मी वर्गासाठी ठरावीक मूल्यांची यादी केली होती. तिथे १२३२ हा वर्ग आला. हा आकडा २०२० च्या 'डीएनएस फ्लॅग डे' पासून सुचवला जातो, म्हणजे पॅकेटचे तुकडे पडत नाहीत. स्थानिक नेटवर्कवरच्या एमडीएनएसमध्ये तर वर्गाचा सर्वांत वरचा बिट वेगळ्याच अर्थाने वापरतात. यादी काढून टाकून साधा १६ बिटांचा आकडा ठेवला. प्रकार आणि वर्ग यांना आकडाच राहू द्यावं, नावं फक्त छापताना वापरावीत, यावर आता माझ्याशी कुणी वाद घालत नाही.

टीसीपीचा भाग लवकर उरकला. संदेशाआधी दोन बाइटची लांबी येते, आणि असे तुकडे जोडणारा फ्रेम-डीकोडर लायब्ररीत आधीपासून होता. फक्त पॉइंटरची मोजणी लांबीच्या त्या दोन बाइटांनंतर सुरू होते, हे ध्यानात ठेवायचं. आमच्या बफरचा आरंभ शून्यावर असेलच असंही नसतं, त्यामुळे प्रत्येक अंतर संदेशाच्या आरंभाशी जोडून घ्यावं लागतं. पाठवताना लांबी आणि संदेश एकाच वेळी टीसीपीकडे द्यावेत असं २०१६ चा आरएफसी ७७६६ सुचवतो. ते आम्ही एकाच बफरमध्ये लिहून साधलं. 'संदेश कापला आहे' हा बिट असलेल्या यूडीपी उत्तरात शेवटचा रेकॉर्ड अर्धा असला तर त्रुटी न देता हेडर आणि प्रश्न तेवढे वर पाठवायचे. वरच्या थराला त्यातून 'टीसीपीवर पुन्हा विचार' एवढंच कळायला हवं असतं.

चाचण्यांत एन्कोड करून परत डीकोड करायची पद्धत अपुरी पडते, कारण दोन्ही बाजू एकाच माणसाने लिहिलेल्या असल्या की दोन्हींचा गैरसमजही एकच असतो. म्हणून 'डिग' या डीएनएसला विचारणाऱ्या साधनाने प्रश्न विचारून वायरशार्क या पॅकेट पकडणाऱ्या साधनात पकडलेली खरी उत्तरं चाचण्यांत ठेवली. उलट दिशेने, डीकोड करून परत एन्कोड केल्यावर बाइट तेच येतील अशी अपेक्षा धरता येत नाही, कारण प्रत्येक सर्व्हरची कॉम्प्रेशनची तऱ्हा निराळी. तुलना करायची ती दुसऱ्यांदा डीकोड केलेल्या ऑब्जेक्टशी. हाच नियम फझरला, म्हणजे वाटेल ते बाइट देऊन कोड तपासणाऱ्या साधनाला, दिला: वाटेल ते बाइट घे, डीकोडर एक तर त्रुटी देईल नाही तर असा संदेश देईल जो लिहून पुन्हा वाचल्यावर तसाच राहतो. मर्यादेबाहेर वाचन नाही, आणि ठरलेल्या वेळेपलीकडे चालणं नाही. फझरने सर्वाधिक सतावलं ते टीएक्सटी रेकॉर्डमध्ये. तिथे डेटा म्हणजे २५५ बाइटपर्यंतच्या स्ट्रिंगची माळ असते आणि त्यातली एखादी रिकामी असू शकते. माळ जोडून एकच स्ट्रिंग द्यावी असा आग्रह होता, कारण डीकेआयएमच्या (ईमेलवरच्या सहीच्या) लांब किल्ल्या तशाच जोडून वाचतात. पण जोडणं हा वापरणाऱ्याचा निर्णय आहे. कोडेक यादी देतो.

कोड मुख्य शाखेत गेला तेव्हा ६५ क्रमांकाचा एचटीटीपीएस रेकॉर्ड आमच्या ओळखीच्या यादीत नव्हता. ब्राउझर तो सर्रास विचारतात. त्याचा आरएफसी ९४६० हा २०२३ चा. त्याची उत्तरं कच्च्या बाइटच्या रूपात सुखरूप वर पोचत होती. मग त्याच्यासाठी वेगळा डीकोडर लिहायला घेतला. त्यातही एक नाव असतं, पण नियमाप्रमाणे पॉइंटरशिवाय. त्यामुळे त्या फंक्शनला संदेश द्यावा लागला नाही, डेटाचा तुकडा पुरला.